गाडी उद्या सुटणार, मग क्रियापद आजचं का?

निळीछत्री | सोमवार, रात्री 9:12

लेक आठवीत आहे. चाचणीत एक वाक्य आलं होतं: 'आवर ट्रेन लीव्ह्ज ॲट सिक्स टुमॉरो.' काळ ओळखा. तिने लिहिलं सिंपल फ्यूचर. बाईंनी लाल फुली मारून शेजारी सिंपल प्रेझेंट लिहिलं. लेक घरी येऊन माझ्यावरच चिडली. "आई, टुमॉरो म्हणजे उद्याच ना? गाडी अजून सुटलीय का? मग प्रेझेंट कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, जेवून घे.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मलाही लाल फुली मिळाली. मँचेस्टरच्या सहकाऱ्याला मेल लिहिली होती: 'व्हेन द रिपोर्ट विल बी रेडी, आय विल सेंड इट.' तो बिचारा सभ्य. चूक दाखवली नाही, पण उत्तरात माझंच वाक्य 'व्हेन द रिपोर्ट इज रेडी' असं सुधारून टाकलं. रिपोर्ट तयार नव्हता हो! तयार व्हायचा होता!

म्हणजे लेकीने भविष्य पाहिलं म्हणून तिचा मार्क गेला, आणि मी भविष्य लिहिलं म्हणून माझी शोभा झाली. हा काय प्रकार आहे? यामागे काही तर्क आहे का, की पाठच करायचं? कुणी नीट सांगेल का? लेकीला पटलं पाहिजे, ही अट.

बोरिवली_फास्ट | सोमवार, रात्री 9:20

लोकलच्या बाबतीत कुठलाच काळ वापरू नये. आमच्या डब्यात उद्घोषणा होते 'पुढील स्टेशन दादर'. क्रियापदच नाही. रेल्वेने हात झटकलेत.

शेवटचा_बाक | सोमवार, रात्री 9:22

वाचतोय. (काळ ओळखा.)

खडूफळा | सोमवार, रात्री 10:05

निळीछत्री, मी एकतीस वर्षं साताऱ्याकडे इंग्रजी शिकवलं. तुमच्या लेकीचा प्रश्न दरवर्षी एक तरी मूल विचारायचं आणि तेच मूल पुढे चांगलं इंग्रजी लिहायचं. तिला सांगा, प्रश्न बरोबर आहे, उत्तर चुकलं.

क्रियापदाचा काळ आणि घड्याळातला काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रियापद नुसतं 'कधी' ते सांगत नाही, बोलणारा त्या गोष्टीकडे कसा पाहतो तेही सांगतं. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7:15 ला सुटते. आज, उद्या, परवा, तुम्ही स्टेशनवर असा नसा. ती वेळ छापून झाली आहे, ती आत्ताही खरी आहे. म्हणून 'लीव्ह्ज'. वेळापत्रक, पंचांग, कॅलेंडर, सिनेमाचे खेळ, परीक्षेच्या तारखा या सगळ्याला इंग्रजीत साधा वर्तमान चालतो. 2027 साली 15 ऑगस्ट रविवारी येतो, तर 'फॉल्स ऑन अ संडे'. तिथे 'विल फॉल' म्हटलं तर चूक नाही, पण 'फॉल्स' जास्त सहज.

दुसरा प्रकार चालू वर्तमानाचा. 'आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ॲट फाइव्ह.' इथे छापील वेळापत्रक नाही, पण ठरवाठरवी झाली आहे. फोन केला, वेळ घेतली, समोरचा माणूसही वाट पाहणार आहे. म्हणजे त्या भेटीची तयारी आजपासूनच चालू आहे, असं धरायचं.

आता लेकीला एक वाक्य द्या: 'इट इज रेनिंग टुमॉरो.' हे चुकीचं का, ते तिलाच शोधू द्या. पावसाची अपॉइंटमेंट कुणी घेतलेली नसते. तिथे 'विल रेन' किंवा 'इज गोइंग टु रेन'च हवं.

तुमच्या मेलबद्दल उद्या लिहिते, डोळे मिटायला लागले.

बोरिवली_फास्ट | सोमवार, रात्री 10:11

2027 चा 15 ऑगस्ट रविवारी? एक सुट्टी बुडाली. याला कुठला काळ म्हणायचा? कलिकाळ.

लट्लकार | सोमवार, रात्री 10:30

विषय फार जुना आहे. यावर थेट पाणिनीचं सूत्र आहे, एक नव्हे तीन. रात्री सविस्तर लिहितो.

शेवटचा_बाक | सोमवार, रात्री 10:31

साडेदहा वाजलेत. अजून कुठली रात्र?

पोहेवाला | मंगळवार, सकाळी 8:02

थोडं विरोधी मत. हे सगळं ठीक, पण 'व्हेन ही विल कम' म्हटल्याने जगात कुणाचं काय अडलं? समोरच्याला कळलं ना? आपण जवळजवळ दोनशे वर्षं ही भाषा शिकतोय. आता ती आपलीही आहे. इंग्रजांनी 'पंडित', 'जंगल' नेलं तेव्हा विभक्ती प्रत्यय विचारले होते का? माझे आजोबा पक्क्या तर्खडकरी इंग्रजीतले. त्यांच्या शिस्तीने आमच्या घरात तीन पिढ्या इंग्रजी बोलायला घाबरल्या. मुलीला नियम सांगण्याआधी बोलू द्या.

निळीछत्री | मंगळवार, सकाळी 8:40

पोहेवाला, बोलायला ती घाबरत नाही, बोलून बोलून माझं डोकं खाते. तिला मार्क हवाय.

खडूफळा | मंगळवार, दुपारी 1:15

पोहेवाल्यांचं अर्धं पटतं. मुलं बोलताना मीही कधी टोकलं नाही. पण 'कळलं ना' हे नेहमी खरं नसतं. एकदा माझा भाचा लंडनमधल्या एका कचेरीत बसला होता. साहेब यायचे होते. त्याने दारावरच्या माणसाला सांगितलं, 'प्लीज टेल मी व्हेन ही विल कम.' त्याला म्हणायचं होतं, साहेब आले की मला सांगा. दारावरच्याने खांदे उडवले, मला काय माहीत! भाचा तासभर बसला. साहेब येऊन गेलेही.

'टेल मी व्हेन ही कम्स' म्हणजे तो आला की मला सांग. 'टेल मी व्हेन ही विल कम' म्हणजे तो कधी येणार ते मला सांग. दोन्ही वाक्यं बरोबर, अर्थ वेगळे. एका 'विल'ने माणूस तासभर बसून राहिला.

निळीछत्री, तुमच्या मेलचं उत्तर यातच आहे. मराठीत 'आला की', 'झालं की', 'येईपर्यंत', 'आला तर' असं म्हणता आलं, की इंग्रजीत त्या तुकड्यात 'विल' घालायचं नाही. 'रिपोर्ट तयार झाला की पाठवते.' झाला की! तुम्ही मराठीत तर चक्क भूतकाळ वापरता, इंग्रजाने निदान वर्तमानात तरी ठेवलं. 'कधी, केव्हा येणार ते' असा प्रश्न आत दडलेला असेल तर मात्र 'विल' ठेवायचं. 'आय डोन्ट नो व्हेन ही विल कम' अगदी शुद्ध.

निळीछत्री | मंगळवार, दुपारी 1:50

बाई, हे मला शाळेत कुणीच सांगितलं नाही! आम्हाला फळ्यावर 'व्हेन, इफ, अनटिल, बिफोर, आफ्टर यांच्यानंतर विल नाही' एवढंच लिहून दिलं होतं. त्यामुळे 'आय डोन्ट नो व्हेन'ला मी आजपर्यंत घाबरून 'कम्स' लिहीत आले.

पण मग मी ती चूक केली का? मराठीत 'झाला की' म्हणणारी मी इंग्रजीत 'विल बी' का लिहिते?

म्युनिकर | मंगळवार, संध्याकाळी 6:20

कारण आपण लिहिताना जड मराठी मनात आणतो. बोलताना 'झाला की', पण औपचारिक झालो की 'जेव्हा अहवाल तयार होईल तेव्हा'. जेव्हा-तेव्हाच्या जोडीत मराठी दोन्हीकडे भविष्यकाळ घालते. ते तसंच उचललं की 'व्हेन विल बी, विल सेंड'. हिंदीतून येणारेही 'जब आएगा तब' वरून तिथेच पडतात. मेल जितकी औपचारिक तितकी ही चूक जास्त.

इथे जर्मनीत नऊ वर्षं झाली. जर्मन शिकताना मी भविष्यकाळाचा तक्ता घोटून पाठ केला आणि मग लक्षात आलं की रोजच्या बोलण्यात तो कुणी फारसा काढतच नाही. 'इख कोमं मॉर्गन', मी उद्या येतो. संपलं. 'उद्या' म्हटलंय ना, मग क्रियापदाने परत कशाला ओरडायचं? उलट ते भविष्याचं सहायक क्रियापद अंदाजाला जास्त वापरतात. 'तो आता घरी असेल' हे वाक्य बघा. आपलाही 'असेल' भविष्यातला आणि अर्थ मात्र आत्ताचा अंदाज. इंग्रजीतही दारावरची घंटा वाजली की 'दॅट विल बी द पोस्टमन'. पोस्टमन आत्ताच दारात उभा आहे, उद्या नाही.

जपानमधला मित्र सांगतो, तिथे तर वर्तमान-भविष्याला एकच रूप. 'इकिमास' म्हणजे जातो आणि जाईन.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, संध्याकाळी 7:05

आमच्या नागपुरात सोप्पं आहे. "उद्या येऊन राहिला का बे?" "हो, येऊन राहिलो." माणूस खाटेवर लोळून राहिला असतो, पण उद्याचं येणं चालू आहे. आय ॲम कमिंग टुमॉरो, शब्दाला शब्द. इंग्रज नक्की आमच्याकडूनच शिकला.

माडाखालचो | मंगळवार, संध्याकाळी 7:30

मालवणीत 'मी फाल्या येतंय'. सायबाच्या देशात गेलंय तरी ह्याच म्हणतलंय. पलीकडे गोंयात 'हांव फाल्यां येतां'. कोकणात भविष्यकाळ फक्त ज्योतिषाक लागता.

बोरिवली_फास्ट | मंगळवार, संध्याकाळी 7:34

आणि आपण निघताना 'येतो' म्हणतो ते? जाताना 'येतो'! जागा उलटी, काळही उलटा. माझा पुतण्या लहानपणी इंग्रजी शाळेतल्या बाईंना निरोप देताना रोज 'टीचर, आय कम' म्हणायचा. त्या रोज म्हणायच्या, कम, कम. हा घरी.

शेवटचा_बाक | मंगळवार, संध्याकाळी 7:41

हॉटेलातला पोऱ्या तर भविष्याला भूतकाळ लावतो. 'आलोच!' आणि पंधरा मिनिटं गायब.

पोहेवाला | मंगळवार, रात्री 8:15

'आलोच'वरून आठवलं. 'पडशील' म्हटलं तर पोरगं झाडावरून उतरत नाही. 'पडलास बघ!' म्हटलं की उतरतं. आमची आई तर 'मेलास तू आज' म्हणायची, बाबा घरी यायला दोन तास असताना. इंग्रजीत तिथे 'यू आर डेड'. आई भूतकाळात, ते वर्तमानात. मार भविष्यातच.

(विरोधी मत अजून कायम आहे. पण लंडनच्या भाच्याने थोडा हललो.)

आकडेमोड | मंगळवार, रात्री 9:02

म्युनिकर म्हणाले त्याला एक अर्थशास्त्रीय फाटा आहे. कीथ चेन नावाच्या अर्थतज्ज्ञाचा 2013 साली एक शोधनिबंध आला, तो बराच गाजला. म्हणणं असं की जर्मन, फिनिश, जपानी, चिनी अशा ज्या भाषांत उद्याविषयी बोलताना क्रियापद बदलावं लागत नाही, ते भाषिक जास्त बचत करतात, कमी सिगारेटी ओढतात. कारण त्यांना उद्या परका वाटत नाही. इंग्रजीला 'विल' लागतं, म्हणून उद्या लांबचा वाटतो.

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, रात्री 9:10

म्हणजे 'येऊन राहिलो'वाल्यांकडे पैसा असायला पाहिजे. कुठं आहे बे तो?

म्युनिकर | मंगळवार, रात्री 9:48

आकडेमोड, त्याचा पुढचा भागही सांगा ना. एकाच कुळातल्या भाषा आणि संस्कृती एकमेकींसारख्या असणारच, त्यामुळे प्रत्येक भाषा स्वतंत्र पुरावा म्हणून मोजता येत नाही. 2015 मध्ये चेन आणि दोन भाषाभ्यासक यांनी मिळून हे नातं पुन्हा तपासलं, तेव्हा भाषाकुळं हिशेबात घेतल्यावर ते बरंच ढिलं पडलं. स्वतःचाच निष्कर्ष तपासायला बसला, हे मला जास्त आवडलं.

आणि मुळात इंग्रजीला 'विल' नेहमी लागतं कुठे? हा धागाच त्यावर आहे.

आकडेमोड | मंगळवार, रात्री 9:55

मान्य. माझी आजी 'उद्याचं उद्या बघू' म्हणायची आणि तांदळाच्या डब्यात नोटा ठेवायची. काळ भविष्य, बचत रोख.

सुईदोरा | बुधवार, सकाळी 11:20

वाचनमात्र होते, 'बघू'वर राहवलं नाही. मराठीतला खरा धोकादायक काळ म्हणजे 'भेटू'. 'भेटू एकदा' म्हणजे या जन्मी नाही. 'भेटूया' म्हणजे मूड असेल तर. 'भेटणार आहोत' म्हणजे ठरलंय, पण कळव. 'भेटतोय' म्हणजे रिक्षा मिळाली नाही तर चालत येईन. माझं शिवणकाम आहे. गिऱ्हाइकाला 'देईन' म्हटलं की ते दुसऱ्या दिवसापासून फोन करायला लागतं, 'देतेय शुक्रवारी' म्हटलं की गप्प बसतं. कापड दोन्ही वेळेला कपाटातच असतं.

निळीछत्री | बुधवार, सकाळी 11:45

सुईदोरा, हे तर खडूफळा बाईंच्या डेंटिस्टचंच वाक्य झालं! 'देतेय' = ठरवाठरवी झाली. 'आय ॲम गिव्हिंग इट ऑन फ्रायडे'.

थांबा, मला काहीतरी दिसतंय. काल फोन वाजला तर मी म्हटलं 'थांब, मी घेते'. लेक इंग्रजीत म्हणाली, 'नो, आय टेक इट'. मी टोकलं, 'आय विल गेट इट' म्हण. आणि मग दोघी गप्प झालो. 'मी घेते' हा वर्तमान. आपण जागच्या जागी काही ठरवलं की वर्तमान वापरतो: मी बघतो, मी उघडते, मी करतो, मी सांगतो त्याला. इंग्रज तिथेच 'विल' घालतो! आणि जिथे आपण 'जेव्हा होईल तेव्हा' म्हणून भविष्य लिहितो, तिथे तो वर्तमान घालतो. म्हणजे दोघांनी एकमेकांचे कपडे घातलेत. आपल्या चुका बरोब्बर या दोनच दारांतून आत येतात की काय?

खडूफळा | बुधवार, दुपारी 2:30

एकतीस वर्षांत हे मी असं मांडलं नव्हतं. दोनच दारं म्हणणार नाही, पण मोठी हीच. 'शॅल आय ओपन?' म्हणायच्या जागी मुलं 'टीचर, आय ओपन विंडो?' म्हणायची, कारण मनात 'बाई, खिडकी उघडू?' असायचं. आणि 'आय डू इट' हे 'मी करतो'चंच. इंग्रज कानाला ते 'मी रोज करतो' असं ऐकू येतं.

'विल'चं मूळ पाहिलं की हे नीट बसतं. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचं वेगळं रूपच नव्हतं. वर्तमानावरच भागायचं. 'विल' म्हणजे इच्छा असणे. मृत्युपत्राला 'विल' म्हणतात ते उगाच नाही, मेलेल्याची इच्छा. 'शॅल' म्हणजे देणं लागणे. जर्मनमधला कर्जाचा आणि अपराधाचा 'शुल्ड' त्याचाच भाऊबंद, म्युनिकर सांगतील. इच्छा आणि कर्ज यांना जुंपून मग भविष्यकाळ ओढायला लावला. फोन वाजल्यावर 'आय विल गेट इट' म्हणताना ती जुनी इच्छा अजून डोकावते, 'माझी तयारी आहे'. म्हणून गाडीला 'विल' नको वाटतं. गाडीची कसली इच्छा!

आणि जिथे खरोखर इच्छा असते तिथे 'इफ'नंतरही 'विल' चालतं: 'इफ यू विल वेट हिअर', म्हणजे कृपया थांबाल तर. फळ्यावरचा नियम तिथेही तुटतो.

म्युनिकर | बुधवार, दुपारी 3:05

'शुल्ड'बद्दल दुजोरा. इथे गृहकर्ज घेतल्यापासून तो शब्द रोज भेटतो.

शेवटचा_बाक | बुधवार, रात्री 10:30

सोमवारची रात्र होऊन 48 तास झाले. @लट्लकार, पाणिनी कुठवर आले?

लट्लकार | गुरुवार, पहाटे 5:50

आलो. ऑफिसात वर्षअखेर होती. शेवटच्या बाकाने थट्टा केली ती रास्त, पण माझ्या 'रात्री लिहितो'ला पाणिनीचा आधार आहे, तो आधी देतो.

अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात, तिसऱ्या पादात, 131 वं सूत्र: वर्तमानसामीप्ये वर्तमानवद्वा. वर्तमानाच्या जवळ असलेल्या भूत किंवा भविष्याला वर्तमानासारखी रूपं विकल्पाने चालतात. काशिकावृत्तीत, म्हणजे सातव्या शतकाच्या सुमाराच्या टीकेत, यावर दिलेलं उदाहरण वाचून मी पहिल्यांदा हसलोच होतो. 'कदा देवदत्त गमिष्यसि?' 'एष गच्छामि.' देवदत्ता, कधी जाणार? हा काय, जातोय. हा देवदत्त तेव्हाही बहुतेक अंथरुणात असणार. शाळेतल्या मराठी व्याकरणात यालाच 'संनिहित भविष्यकाळ' म्हणायचे: तुम्ही पुढे व्हा, मी येतोच.

लगेच पुढचं, 132 वं: आशंसायां भूतवच्च. अजून न घडलेल्या गोष्टीची आशा धरताना भूतकाळासारखी रूपंही चालतात. टीकेतलं उदाहरण 'गुरुजी आले तर आम्ही व्याकरण शिकू' या अर्थाचं. खडूफळा बाईंचा 'आला तर', 'झाला की' तो हाच.

तिसरं त्याच पादात पण आधी येतं, चौथं सूत्र: यावत्पुरानिपातयोर्लट्. 'यावत्' आणि 'पुरा' हे निपात, म्हणजे रूप न बदलणारे छोटे शब्द, जोडीला असतील तर भविष्याच्या अर्थी वर्तमानकाळच, म्हणजे लट्, वापरायचा. हा साधारण इंग्रजीच्या 'अनटिल'-'बिफोर'वाल्या नियमाचा भाऊ झाला. एकमेकांकडून शिकले असं मी म्हणत नाही. पण एकीकडे निपाताने काळ सांगितला की क्रियापदाला सुट्टी मिळते, ही सोय दोन्ही भाषांना सुचली.

आणखी एक. आपला मराठी भविष्यकाळ तरी कुठे स्वतःच्या पायावर उभा आहे? 'करील' सोडवा: करी + ल. 'करी' हा ज्ञानेश्वरीच्या काळचा वर्तमानकाळ. त्यालाच 'ल' चिकटवून आपण भविष्य केलं, आणि नुसता 'करी' मागे सरकून 'तो रोज पहाटे उठे, पूजा करी' असा भूतकाळात जाऊन बसला. एकाच वर्तमानाची एक शाखा उद्यात, एक कालमध्ये.

पोहेवाला | गुरुवार, सकाळी 8:10

हे वाचून माझं मत बदललं नाही, उलट पक्कं झालं. पाणिनीने 'वा' म्हटलंय. विकल्प! चालतं तेही, चालतं हेही. फुल्या कुणी मारल्या?

लट्लकार | गुरुवार, सकाळी 8:25

'वा' 131 ला आहे. चौथ्या सूत्रात नाही. म्हणून 'व्हेन विल बी'ला पाणिनी तुम्हाला वाचवणार नाही.

आकडेमोड | गुरुवार, सकाळी 9:30

विकल्पावरून आठवलं. फ्रेंच व्याकरणकार बुऊर, 1702 साली वारला. त्याची आख्यायिका सांगतात की शेवटच्या क्षणी तो म्हणाला, 'मी मरायला जातोय'. फ्रेंचमध्ये जवळच्या भविष्याला 'जाणे' हेच क्रियापद लावतात, आणि तेव्हा त्या 'जातोय'ची दोन रूपं चलनात होती. त्याने दोन्ही म्हणून दाखवली, वर 'दोन्ही चालतात' असं सांगितलं, आणि गेला.

सुईदोरा | गुरुवार, सकाळी 9:41

याला म्हणतात शिस्त. आमचा मास्तर असता तर फुली मारून गेला असता.

निळीछत्री | शुक्रवार, रात्री 8:50

अहवाल (झाला की देते म्हटलं होतं).

लेकीला बसवून सगळं सांगितलं. डेक्कन क्वीन पटली. पावसाची अपॉइंटमेंट फार पटली, आता ती 'इट इज रेनिंग टुमॉरो' मुद्दाम म्हणते. देवदत्ताची फार कीव आली तिला. तिचं म्हणणं, त्याला कुणीतरी झोपू द्यायला हवं होतं.

मग ती काल बाईंकडे वही घेऊन गेली. मार्क मागायला नाही, असं ती म्हणते. विचारलं, "बाई, काळ प्रेझेंट आहे हे मान्य, पण प्रश्नात 'वेळ कुठली' असं विचारलं असतं तर फ्यूचर बरोबर होतं ना?" बाई म्हणाल्या, हो. आणि मग म्हणाल्या, पुढच्या वेळी प्रश्न 'टेन्स' आणि 'टाइम' असा दोन भागांत विचारेन. मार्क काही मिळाला नाही. पण वर्गातल्या इतर सात जणांनीही फ्यूचर लिहिलं होतं, ते आता हिला वकील म्हणतात.

मँचेस्टरच्या सहकाऱ्यालाही लिहिलं, 'आय विल कॉल यू व्हेन आय गेट द नंबर्स'. त्याने काहीही सुधारलं नाही. मी मेल तीनदा उघडून पाहिली.

खडूफळा | शुक्रवार, रात्री 9:15

त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. प्रश्न बदलते म्हणणारी शिक्षिका मार्क देणाऱ्या शिक्षिकेहून बरी. (लेकीला हे आत्ता सांगू नका.)

बोरिवली_फास्ट | शुक्रवार, रात्री 9:20

एवढा धागा झाला, आता कट्टा हवाच. पुढच्या रविवारी दादरला, सकाळी 10, पोहे आणि चहा. मी येतोय. कोण कोण?

सुईदोरा | शुक्रवार, रात्री 9:24

येतेय.

वऱ्हाडी_ठेचा | शुक्रवार, रात्री 9:26

नागपूरहून यायचं म्हणजे रात्रभर प्रवास. तरी येऊन राहिलो. गाडी सुटते तेव्हा सुटते.

पोहेवाला | शुक्रवार, रात्री 9:40

पोहे कोण आणतंय हे नावावरून गृहीत धरलंय का? बरं. आणेन.

निळीछत्री | शुक्रवार, रात्री 9:43

'आणेन'? मी खाऊन येते मग.

लट्लकार | शुक्रवार, रात्री 11:10

मीही येतो.

शेवटचा_बाक | शुक्रवार, रात्री 11:11

'येतो' की 'येतोय'?